हाय-हॅट डावीकडे

आमच्या भावजींशी मी बावीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडलो. जागा नाही, जमीन नाही, ताईला ते कसं वागवतात हेही नाही. हाय-हॅट कुठल्या कानात वाजलं पाहिजे, यावरून. हसा, हसा. सगळेच हसायचे. आम्ही दोघं मात्र लालबुंद व्हायचो. आता भांडण मिटलं, कारण भावजींचा उजवा कान गेला आणि कानाबरोबर कामही गेलं. तो कान वाचला असता का, एवढा एकच प्रश्न घरात उरलाय आणि तो कुणी तोंडाने विचारत नाही.

मी ड्रम वाजवतो. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ते रेकॉर्डिंग स्टुडिओत मिक्सिंग करायचे. ते काय असतं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ड्रम रेकॉर्ड करताना आठ-नऊ माइक लावतात, एकेका ड्रमजवळ एकेक आणि वर डोक्यावर दोन. नंतर एक माणूस बंद खोलीत बसतो आणि प्रत्येक माइकचा आवाज किती मोठा ठेवायचा, डाव्या-उजव्या स्पीकरांच्या मधे तो नेमका कुठे बसवायचा, ते ठरवतो. त्यासाठी एकेक गोल नॉब असतो. भावजींचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यामुळे भावजी नॉबसुद्धा घड्याळात सांगायचे. बारा वाजता म्हणजे बरोबर मधे, दहा म्हणजे जरा डावीकडे, दोन म्हणजे जरा उजवीकडे. संपलं शास्त्र. बाकी सगळं कान.

आता भांडण. हाय-हॅट म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन झांजा, पायाने उघडझाप करायच्या. गाण्याची लय तेच धरून ठेवतं. मी वाजवायला बसलो की ते माझ्या डाव्या हाताला असतं, आणि जमिनीवर उभा असलेला मोठा ड्रम, म्हणजे मोठा टॉम, उजव्या हाताला. माझं म्हणणं एकच, ते डावीकडेच ऐकू आलं पाहिजे. दहा वाजता. मी तिथे बसतो, ते तिथे आहे, विषय संपला. भावजी म्हणायचे, "अरे ठोक्या, लोक काय तुझ्या मांडीवर बसून ऐकतात का? ते समोर बसतात. समोरून बघ, हाय-हॅट उजवीकडे दिसतं. दोन वाजता." ठोक्या म्हणजे मी. हे नाव त्यांनीच ठेवलं आणि ते मला चिकटलं ते चिकटलंच.

मी म्हणायचो, "लोकांना कुठे कळतंय, डावं काय नि उजवं काय!"

ते म्हणायचे, "मग तुला तरी कशाला पाहिजे डावीकडे?"

यावर मी आवाज चढवायचो. खरं तर उत्तर होतं माझ्याकडे. आपलंच वाजवणं समोरून ऐकलं की माझ्या स्टुलावर दुसराच कुणी बसलाय आणि मी बाहेर उभा राहून बघतोय, असं वाटायचं. पण हे बोलून दाखवलं असतं तर त्यांनी आयुष्यभर चिडवलं असतं. म्हणून नुसता ओरडायचो.

स्टुडिओत त्यांना सगळे काटा म्हणायचे. तराजूचा काटा. रास्त नाव होतं. डोक्यावरचे दोन माइक लावताना हा माणूस खिशातून दोऱ्याचं रीळ काढायचा. दोऱ्याचं एक टोक मी मधल्या छोट्या ड्रमवर, स्नेअरवर, अंगठ्याने दाबून धरायचं आणि दुसरं टोक ते आधी एका माइकला लावणार, मग दुसऱ्याला. दोन्ही अंतरं सारखी पाहिजेत, एका बोटाचा फरक चालायचा नाही. फरक राहिला तर म्हणे स्नेअर मधे उभा राहत नाही, एका बाजूला कलंडतो. मी अर्धा-अर्धा तास तो दोरा दाबून ओणवा बसलोय आणि मनातल्या मनात शिव्या दिल्यात. मनातल्या मनात कशाला, तोंडावरही दिल्यात.

एकदा एका गायकाने हट्ट धरला की टॉम या कानातून सुटून त्या कानात गेले पाहिजेत. भावजींनी मला उभं केलं आणि हात पसरायला लावले. मी पसरले. मग गायकाला विचारलं, "याचे हात बघा. दहा फुटांचे आहेत का? नाहीत ना? मग ड्रम दहा फुटांवर कसे असतील?" गायकाने हट्ट सोडला. मी आपला बुजगावण्यासारखा उभा. पण बाहेर आल्यावर मलाच हसू आलं. भावजींना मी वाजवलेलं खोटं करायचं नव्हतं, एवढंच होतं ते.

ऐकायची त्यांची एक रीत होती. डोळे मिटायचे, उजव्या कानावर तळवा ठेवायचा आणि थोडं ऐकायचं. मग डाव्या कानावर. मग दोन्ही हात खाली घ्यायचे आणि पहिल्यापासून ऐकायचं. समोरच्या पट्टीवर आवाज मोजणारे मीटर असतात, हिरव्या-लाल दिव्यांचे. त्यांच्याकडे ते ढुंकून बघायचे नाहीत. "मीटर बहिऱ्यांसाठी असतात," असं म्हणायचे.

आणि त्यांना आमच्या घरात आणलं कुणी? मीच. मी ड्रमच्या काठ्या घरी विसरलो म्हणून ताई त्या घेऊन स्टुडिओत आली आणि भावजी तिच्याशी बोलताना तीनदा चष्मा पुसून बसले. मी तिथेच ओळखलं. लग्नानंतर ताई म्हणायची, "तू मला काट्याशी बांधलंस आणि वर त्याच्याशी भांडायला रोज जेवायलाही येतोस." जायचोच. भांडायला दुसरं होतंच कोण मला?

तर तो बुधवार. गेल्या वर्षीचा. दुपारची वेळ होती, मी हातात हेल्मेट घेऊन स्टुडिओत शिरलो. स्टुडिओचे मालक म्हणाले, "ये, तुझ्यासाठीच थांबलोय," आणि नवं मिक्स लावलं. पहिल्या चार ठोक्यांत अंगावर काटा आला. हाय-हॅट डावीकडे होतं. दहा वाजता! मोठा टॉम उजवीकडे. अख्खा ड्रमसेट फिरवलेला, डोक्यावरच्या दोन माइकांसकट, आणि कुठे एक चूक नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या स्वतःच्या स्टुलावर बसून स्वतःला ऐकलं.

"भावजी! आलात ना शेवटी लायनीवर!" मी ओरडलो.

भावजी खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुझंच खरं, ठोक्या."

मग काय विचारता! मी त्या खोलीत नाचलो. मालकांना मिठी मारली. खालच्या वॉचमनला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, त्या दोघांना हाय-हॅट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तरी सांगितलं. स्टुडिओच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात त्या तारखेच्या चौकोनात पेनाने लिहिलं, "आज काटा हलला." तिथून सरळ ताईकडे गेलो आणि दारातूनच ओरडलो, "तुझ्या नवऱ्याने हार मानली!" ताई म्हणाली, "बरं झालं बाई, आता जेवताना तरी शांतता मिळेल." जो माणूस दोऱ्याने एका बोटाचा फरक मोजायचा, त्याने एका दिवसात सगळी बाजूच उलटी केली. का केली, हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी जिंकलो होतो ना!

पुढचे चार महिने भावजींची मिक्सं बिघडत गेली. एका गायिकेने घरी जाऊन हेडफोन लावला आणि फोन केला, उजव्या कानात सुई टोचतेय म्हणून. दुसऱ्या एकाचं काम परत आलं, उजवीकडे झांजांचा नुसता कचकचाट. मालकांनी विचारलं तर भावजी म्हणाले, "मीटरवर दोन्ही बाजू सारख्या दिसतायत, तुम्हीच बघा." ते मीटर दाखवत होते. मी तिथेच उभा होतो आणि मला वाटलं, म्हातारपण आलं, दुसरं काय. शहाणा मी! मालकांनी तीन गाणी दुसऱ्या माणसाला दिली. 

घरी ताईच्या एक लक्षात आलं होतं. जेवायच्या टेबलाशी त्यांची जागा खिडकीजवळ होती, ती सोडून ते भिंतीला लागून बसायला लागले होते. उजवा खांदा भिंतीला, बाकी सगळे डावीकडे. ताईला वाटलं, खिडकीतून गार वारा लागत असेल. एका रविवारी मी भांडी ठेवायला त्या भिंतीशी घुसलो आणि त्यांच्या उजव्या बाजूने म्हणालो, "भावजी, मीठ द्या." काही नाही. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो. मला वाटलं, गाणी गेली म्हणून माझ्यावर फुगलेत. माझं डोकं फिरलं आणि मी त्यांच्या उजव्या कानाशी खाडकन टाळी वाजवली. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. ताईच्या हातात पातेलं होतं, ते तिने तसंच धरून ठेवलं.

दोन दिवसांनी आम्ही तिघं कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. तपासायची एक छोटी खोली होती, काचेची खिडकी असलेली. आत भावजी हेडफोन लावून बसले, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बाई आणि आम्ही काचेबाहेर. स्टुडिओतही अशीच काच असते, वाजवणारे आत; आयुष्यभर हा माणूस काचेच्या बाहेरच्या बाजूला बसला होता. डाव्या कानाला भराभर बटण दाबत होते, मला कधी ऐकू येणार नाहीत असले बारीक आवाजही त्यांनी पकडले. मग उजवा कान. अंगठा जागचा हलेना. थोड्या वेळाने हलला, एकदा, दोनदा. मला हायसं वाटलं. पण बाई उठल्या, आत गेल्या आणि भावजींची खुर्ची फिरवून त्यांची पाठ आमच्याकडे केली. आवाज सोडताना बाईंचं मनगट हलायचं, ते काचेतून बघून भावजी बटण दाबत होते. खुर्ची फिरवल्यावर अंगठा पुन्हा हलला नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"कधीपासून आहे हे?" बाईंनी विचारलं.

"नक्की आठवत नाही. हळूहळू झालं असेल," भावजी म्हणाले.

"हळूहळू झाल्यासारखं दिसत नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. असा कान कधीकधी अचानक जातो. पहिल्या दोन आठवड्यांत आलं तर औषधं देता येतात. काहींचा परत येतो, काहींचा नाही येत, पण प्रयत्न करता येतो. आता या कानासाठी हातात काही नाही. डावा जपा, मोठ्या आवाजात बसू नका.

ताईने विचारलं, "काहीच नाही?" बाईंनी मान हलवली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हे.

जिना उतरताना माझ्या डोक्यात तो बुधवार आला.  मी त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि एकटा स्टुडिओत गेलो. कॅलेंडरची पानं मागे उलटली. होती की तारीख. माझ्याच अक्षरात.

मालक तसे वाईट नाहीत. म्हणाले, "वायरी बघा, माइक दुरुस्त करा, पगार थोडा कमी देईन." भावजी आठवडाभर गेले. पलीकडच्या खोलीत दुसरा माणूस त्यांच्या खुर्चीवर बसून मिक्स करायचा आणि ते यांना भिंतीतून अर्धवट ऐकू यायचं. आठव्या दिवशी गेले नाहीत. मालकांनी दोनदा फोन केला, मग करायचे थांबले. मी अजून तिथेच वाजवतो. नव्या माणसाला विचारलं, हाय-हॅट कुठे ठेवतोस? तो म्हणाला, "तुम्ही सांगाल तिथे, काका." भांडायचीही सोय राहिली नाही.

महिनाभर मी त्या बुधवारबद्दल गप्प बसलो. मग एका दुपारी त्यांच्याकडे गेलो. ते जमिनीवर बसून घरातल्या जुन्या वायरी गुंडाळत होते, एकसारखी वेटोळी करून. मी डावीकडे बसलो, आता सगळे डावीकडेच बसतात. आणि माझा बांध फुटला.

"अहो, तोंड होतं ना तुम्हाला? मूग गिळून का बसलात? घरात बायको आहे, मी आहे, आम्ही काय मेलो होतो?"

त्यांनी वायर खाली ठेवली नाही. म्हणाले, "सोमवारी सकाळी उठलो तर कान बंद. आत नुसती शिट्टी. वाटलं, मळ असेल, सर्दी असेल. कामावर गेलो आणि मिक्स लावलं तर तुझं हाय-हॅट गायब. जाड आवाज डोक्याला वळसा घालून दुसऱ्या कानात येतो, बारीक आवाज येत नाही. टॉम उजवीकडे गेला तरी ऐकू येतो, हाय-हॅट नाही. लयच ऐकू येईना तर काम कसं करणार? म्हणून सगळं फिरवलं. हाय-हॅट डावीकडे आणलं, चांगल्या कानाकडे."

"ते कळलं हो मला! पण सांगायचं नाही?"

"सांगितलं की तुला."

"कधी?"

"बुधवारी."

त्यांनी वायरीचं आणखी एक वेटोळं घातलं.

"मालकांना सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती. एका कानाच्या माणसाला मिक्सिंगला कोण बसवतो? तुझ्या ताईला सांगायचं तर ती घाबरली असती. पण तुला वेगळं सांगायची गरज काय होती? बावीस वर्षं मी ते एकदाही डावीकडे ठेवलं नव्हतं. म्हटलं, जगात एकाच माणसाला हे ऐकून कळेल. हा दचकेल, दार लावून घेईल आणि विचारेल, भावजी, काय झालंय? मालक दुपारी दोनलाच मिक्स लावत होते. मीच म्हटलं, थांबा, ठोक्याला येऊ दे."

"आणि मी?"

"तू नाचलास," ते म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. साधं म्हणाले, आज पाणी आलं नाही म्हणावं तसं.

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं!" माझा आवाज चढला होता, जुन्या सवयीने. "माझ्या कानाखाली वाजवून सांगायचं!"

"दुसऱ्या दिवशी मला वाटलं, तुलाच कळलं नाही म्हणजे कुणाला कळणार नाही. चालून जाईल. हुरूप आला रे मला." त्यांनी वायरीचं टोक खोचलं आणि दुसरी वायर ओढली.

ताई त्यांच्या उजव्या बाजूला, दारात उभी होती. वाळलेले कपडे हातात. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने विचारलं, "कुठला बुधवार?"

भावजींना ते ऐकू गेलं नाही. ते वायर गुंडाळत राहिले. मला ऐकू आलं होतं.

मग मी तिला सगळं सांगितलं, तारखेसकट. मी तुझ्या दारात येऊन ओरडलो होतो ना, तोच बुधवार, म्हणालो. ती रडली नाही, माझ्यावर ओरडलीही नाही. ओरडली असती तर मी खाली मान घालून ऐकलं असतं. तिने कपडे खुर्चीवर ठेवले आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. सोमवार, मंगळवार, बुधवार. मग पुढचे दिवस, दोन आठवडे पुरे होईपर्यंत.

"म्हणजे अजून अकरा दिवस होते," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "अकरा."